शेवंतीच्या लेंड्या

सशाला मराठीने फारसा न्याय दिलेला नाही. पाठीवर पान पडताच आभाळ कोसळले म्हणून पळत सुटतो तो ससा. भित्र्या माणसाला काळीज मिळते ते सशाचे. आणि माणसाची दारोदार परवड झाली की तिला नाव मिळते ते ‘ससेहोलपट’. तर्कशास्त्राने तर अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीचा दाखला म्हणून त्याच्या डोक्यावर ‘शशशृंग’ बसवले. सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा पंचतंत्रातला ससा हा या परंपरेतला सन्माननीय अपवाद. हे सारे ससे रानातले. घरात पाळला जाणारा ससा मूळचा युरोपातला, निराळ्या प्रजातीचा. परंतु एक वारसा दोघांचा समान आहे : ज्याची शिकार होते त्याने आपले दुखणे दाखवायचे नसते.

आमची शेवंती तीन वर्षांची. सशांच्या माद्यांना वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गेल्या श्रावणात तिचे गर्भाशय काढले. शस्त्रक्रियेआधी तिला उपाशी ठेवू नका, ही सूचना ऐकून आम्ही दोघेही चकित झालो होतो. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे भुलेखाली उलटी होण्याची भीती त्याला नाही. उलट त्याचे आतडे रिकामे राहणे हाच धोका.

शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली, टाके कोरडे होते. पण दुसऱ्या दिवशी शेवंतीने गवताला तोंड लावले नाही. एरवी जिच्या वासाने ती स्वयंपाकघरापर्यंत येई, ती कोथिंबीरही हुंगून सोडली. दुपारपर्यंत एकही लेंडी नव्हती. दहा-बारा तास न खाणारा ससा तातडीने दाखवायचा असतो, हे आम्हांला बजावलेले होते. एक्स-रेत अडथळा दिसला नाही, वायू मात्र पुष्कळ होता. डॉक्टरांनी कार्यकारणभाव समजावला तो असा : वेदना, भूल आणि परक्या जागेचा ताण यांनी आतड्याची हालचाल मंदावते, मंदावल्याने वायू धरतो, वायूने पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही, आणि तंतुमय अन्न आत गेले नाही की आतडे आणखी मंदावते. हे चक्र मोडले नाही तर यकृतावर चरबी साठून जीवही जातो.

त्वचेखालून सलाईन, वेदनाशामक आणि आतड्याला चालना देणारे औषध हे डॉक्टरांचे काम, भरवणे आमचे. गवताच्या भुकटीची पातळ पेज, बिनसुईची सिरिंज, एकाने टॉवेलात धरायचे, दुसऱ्याने ओठाच्या कडेने थोडी थोडी सोडायची आणि ती चघळून गिळेपर्यंत थांबायचे. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी एक वही उघडली गेली : वेळ, किती मिली, लेंड्या किती.

संहितेतल्या मौनाचा अर्थ कसा लावावा, हे आम्ही वीस वर्षे शिकवत आलो. एका संहितेचे अनेक अन्वयार्थ संभवतात, हेही. त्या रात्री शेवंती दात घासू लागली. ससा सुखावला तरी दात घासतो, हळू, कुजबुजल्यासारखे. आणि दुखत असले तरी घासतो, जोराने, करकरत. आमच्यापैकी एकाला तो आवाज समाधानाचा वाटला, दुसरीला यातनेचा. वर्गात असा मतभेद तासाला रंगत आणतो. इथे दोनांपैकी एकच अर्थ खरा होता आणि चुकीच्या अर्थाची किंमत तिला मोजावी लागणार होती. मग आवाज सोडून आम्ही संदर्भ पाहिला : पाठ कुबडलेली, पोट फरशीला दाबलेले, डोळे अर्धवट मिटलेले. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिचे वजन विचारले आणि वेदनाशामकाची मात्रा वाढवली.

तिसऱ्या पहाटे वहीत पहिली लेंडी नोंदली गेली : बारीक, काळसर, कडक. दुपारी चार. संध्याकाळी तिने स्वतःहून गवताची काडी ओढली. तरीही डॉक्टर निर्धास्त नव्हते. सशाची विष्ठा दोन प्रकारची असते. कोरडी लेंडी तो टाकून देतो. मऊ, द्राक्षांच्या घोसासारखी दुसरी, थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. गाय रवंथ करून जे साधते, ते ससा असे दोनदा पचवून साधतो. पाचव्या दिवशी शेवंतीला मान वळवून ते करताना पाहिले, तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाले, ‘आता सिरिंज बंद करा.’

शुचितेच्या कल्पनांवर पोसलेल्या आमच्या घरात त्या दिवशी विष्ठेवरून आनंद झाला, आणि तो सांगायला आम्ही दोन्हींकडच्या वडीलधाऱ्यांना फोनही केले. ती वही अजून आहे. तिच्यात वेळा आहेत, आकडे आहेत. विशेषणे तीनच आहेत, आणि तीही पहिल्या लेंडीची.