पाँडिचेरी, १६७७

माहूरचा माणूस इतिहासावर लिहिणार म्हटलं, की संपादकांना माहूरची देशमुखीण रायबागन हवी असते. यंदाही फोन त्यासाठीच होता. मी म्हटलं, माझा धंदा फ्रेंच कागदांचा. १६७७ची पाँडिचेरी चालत असेल तर देतो. "फ्रेंच? मग त्यात शिवाजी महाराज येतील ना?" येतात. तोच तर घोळ आहे.

त्या साली पाँडिचेरीला वसाहत म्हणणं म्हणजे थट्टाच. विजापूरकरांचा सरदार शेरखान लोदी याच्या मेहेरबानीने मिळालेली किनाऱ्यावरची जागा, मूठभर माणसं, आणि डचांशी युद्ध जुंपलेलं. वखारीचा कारभारी फ्रान्स्वा मार्तँ. त्याने शेरखानात कंपनीचा पैसा गुंतवला होता, १६७६मध्ये त्याच्यासाठी वालदावूरचा किल्लाही घेऊन दिला होता. वर्षभरात जिंजी महाराजांकडे गेली, पाठोपाठ शेरखान हरला. मार्तँचा आश्रयदाताही गेला आणि ऋणकोही.

मग जेर्मँ नावाचा माणूस मराठ्यांच्या छावणीत गेला. उत्तर रोखठोक मिळालं: कुणाचीही बाजू न घेता सुखाने राहा, आगळीक केलीत तर तुमच्या राजापूरच्या वखारीचीही गय नाही, आमचा हवालदार येतोय, शेरखानच्या अंमलदारांशी वागत होता तसंच त्याच्याशी वागा. फ्रेंच आपले मित्र की शत्रू, असं व्याख्यानानंतर हमखास विचारतात. भाडेकरू, असं सांगितलं की लोक हिरमुसतात.

आता तारखा. वाचक कंटाळतील, पण हे सुटता सुटत नाही. मद्रासचे इंग्रज जुनी कालगणना पाळत, फ्रेंच नवी. म्हणून एकच घटना दोन दप्तरांत दहा दिवसांच्या अंतराने सापडते. हा फरक न काढता दोन्ही तारखा एका ओळीत लावल्या, की महाराज एकाच दिवशी दोन मुक्कामांवर पोचतात. अशी पुस्तकं छापली जातात, खपतातही.

मार्तँची रोजनिशीवजा आठवणींची वही मार्तिनो यांनी १९३१ ते ३४मध्ये तीन खंडांत छापली. तिच्यातला एकच उतारा आपल्याकडे फलकांवर चढला: छावणीत बडेजाव नाही, बायका नाहीत, तंबू दोनच. उतारा खरा आहे. पण मार्तँ स्वतः तिथे गेलेला नाही. पाहून आला तो जेर्मँ. आणि त्याच वहीत, जिंजी मुलखात नव्या अंमलदारांनी वसुलीसाठी रयतेला कसं पिळलं, तेही आहे. ते कुणी फलकावर लावत नाही.

"परकी माणूस, जळतोय," असं मला भर सभेत ऐकवलं गेलंय. जळत असेलही. त्याचे पैसे बुडाले होते, शिवाय रयत गांजली की साळी गाव सोडतो आणि कापड मिळत नाही, एवढं व्यापाऱ्याला कळतं. त्याच्या रागाचं मोल त्यातून वजा करावं, हे मान्य. मग कौतुकातूनही काही वजा करायला नको का? दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले तंबू आपण मोजून घेतो, आणि किनाऱ्यावर बसून वर्षानुवर्षं पाहिलेली वसुली मात्र आकस म्हणून सोडून देतो. या प्रश्नावर माझे दोन मित्र तुटलेत.

संपादकांनी हा भाग जागेअभावी कापला नाही, तर पत्रं कृपया त्यांच्याच पत्त्यावर पाठवावीत.