गोंगाट

शाळामास्तराच्या तोंडून दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द बाहेर पडत असेल, तर तो 'गोंगाट'. 'गोंगाट बंद करा' असे म्हणत माझी वीस-बावीस वर्षे गेली. इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र ध्यानात आली आहे. गोंगाट कशाला म्हणायचे हे नेहमी ऐकणारा ठरवतो. करणाऱ्याला कुणी विचारीत नाही. त्याच्या लेखी ते बोलणे असते, भांडण असते, कधी कधी गाणेही असते.

'हेवी मेटल' नावाचे विलायती संगीत प्रथम कानावर आले तेव्हा माझ्याही मनात हाच शब्द आला. आमच्या तलासरीकडचा एक जुना विद्यार्थी मोबाईलवर ते ऐकत बसला होता. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते आणि कान भजन-भावगीतांवर वाढलेले. शब्द काही कळले नाहीत. पण आवाज ओळखीचा वाटला. उंबरगावच्या बाजूला एखाद्या कारखान्याच्या भिंतीशी क्षणभर उभे राहावे, तर आतून पत्रा कापणाऱ्या यंत्राचा असाच ठोका ऐकू येतो. पुढे त्या गाण्याची हकीगत वाचली तेव्हा समजले, की हा निव्वळ भास नव्हता.

गाण्याचे नाव 'पॅरानॉइड', वाद्यवृंदाचे 'ब्लॅक सॅबथ'. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन भागातली ही चार कामगारवस्तीतली पोरे. गाणारा ऑझी ऑस्बोर्न कधी खाटीकखान्यात राबला होता, कधी मोटारींचे हॉर्न सुरात लावण्याच्या कामावर होता. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. नोकरी सोडण्याचा त्याचा शेवटचा दिवस, वय सतरा. यंत्रावरचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभे केले. यंत्र खाली आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका हाच.

कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी आणून ऐकवली. १९२८ साली आगीत भाजल्यामुळे जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती; उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोप गाजवला होता. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून तिचा गोळा केला, त्यातून बोटांना बसतील अशा टोप्या कोरल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा सोसेनात म्हणून त्याने बारीक तारा लावल्या. पुढे १९७१ च्या सुमारास त्या ढिल्या सोडून सूर खाली आणले. त्या संगीताचा जो जड, खोल आवाज आज जगभर ओळखला जातो, त्याच्या मुळाशी ही दुखरी बोटे आहेत.

'पॅरानॉइड'चा जन्म तर अगदी भरतीच्या मालासारखा झाला. १९७० सालची दुसरी तबकडी थोडी आखूड पडत होती. आणखी एक गाणे हवे, असे निर्माता रॉजर बेन म्हणाला. बाकीचे तिघे खायला-प्यायला बाहेर गेले असता आयोमीने गिटारवर ती चाल काढली, गीझर बटलरने घाईघाईने शब्द लिहिले आणि ऑस्बोर्नने कागदात पाहून ते म्हटले. सारे गाणे तीन मिनिटांचेही नाही. शीर्षकाचा शब्द त्यात एकदाही येत नाही. आत आहे ती उदासी: हसू येत नाही, काही करावेसे वाटत नाही, ही तक्रार.

पहिल्या तबकडीपासूनच समीक्षकांनी या पोरांना झोडपले होते. त्यांच्या मते हा गोंगाटच होता. पण ब्रिटनच्या यादीत हे भरतीचे गाणे चौथ्या क्रमांकावर पोचले आणि तबकडी पहिल्यावर. पुढे ही लाट आपल्याकडेही आली. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या वृंदाने २०१७ साली याच संगीतात 'दशावतार' रचला. ५ जुलै २०२५ रोजी ते मूळचे चौघे अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या मैदानावर, अखेरचे वाजवायला उभे राहिले. २२ जुलैला ऑस्बोर्न वारला.

ही हकीगत मी त्या विद्यार्थ्याला सांगितली, त्याला कारण होते. दहावीनंतर तो एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला होता. रात्रपाळीत पॉवरप्रेसखाली त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. ठेकेदाराने औषधपाण्याचे पैसे दिले. भरपाईचे नाव काढले नाही. मुलगा वारली, घरात तारपा पिढीजात. वाळलेला दुध्या, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि जोडायला मेण, एवढ्यावर ते वाद्य उभे राहते. भाताचे पीक हाती आले की त्याच्याभोवती हातात हात गुंफून रात्र रात्र फेर चालतो. बापाचा दम आता पुरत नव्हता, आणि मुलाने तारपा खुंटीला टांगून ठेवला होता.

सगळे ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, त्याला तार दाबायची होती. मला भोक बुजवायचं आहे. टोपी घातली की वारा निसटतो."

मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "पण त्याने तारा ढिल्या केल्या म्हणता ना? म्हणजे बोटं वाजापाशी नेली नाहीत, वाजाच बोटांपाशी आणला."

मग त्याने नवा बांबू कापला आणि उरलेल्या बोटांना पोचतील अशी भोके सरकवून पाडली. दोन नळ्या वाया गेल्या. तिसरी बोलली, पण तिचा सूर जुन्या सुराहून वेगळा. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी नाक मुरडले. हा आपला सूर नव्हे म्हणाले. फेर धरणारी पोरे-पोरी मात्र थांबली नाहीत.

बोटे गेली म्हणून गाणे मिळाले, असे मी वर्गात कधी सांगत नाही. तसे सांगितले तर त्या यंत्राचेच आभार मानल्यासारखे होईल, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरे उद्या त्याच यंत्रांपुढे उभी राहायची आहेत. बोटे गेली, ती गेलीच. गाणे त्या पोरांनी स्वतः मिळवले. बर्मिंगहॅमला काय आणि तलासरीला काय, ते यंत्राने दिलेले नव्हते.