लाल शाई



काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुट्टीत आम्ही सातवीच्या मुलांना घरच्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणायला सांगितल्या होत्या. मुलांनी हौसेने आणल्या. कुणी वहीच्या पानावर, कुणी जुन्या कॅलेंडरच्या मागे. आम्ही त्या लाल शाईने तपासल्या! 'मले'चे 'मला' केले, 'तुले'चे 'तुला' केले, अर्थ लागला नाही त्या ओळी खोडल्या. निवडक पाने फलकावर लावली, तीही मुलांच्या नावाने. आजीचे नाव कुठेच नव्हते. वर्षअखेरीस पाने रद्दीत गेली.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. पुढे शाळा हिंदी, तहसीलचे कागद हिंदी. मराठी घरातल्या बोलण्यातच राहिली. त्यामुळे ती लिहिताना शुद्ध दिसावी, हा आमचा हट्ट जरा जास्तच.

आमची चूक कळली ती 'पारी'मुळे. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली ग्रामीण भारताचे हे संग्रहालय इंटरनेटवर सुरू केले. त्याच्या कामात अनेक स्वयंसेवकांचा हात आहे. कुणी भाषांतर करतो, कुणी फोटो देतो. तिथे २०१७ पासून महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळतात. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर नीट लावल्या. प्वातवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. काम मात्र पुढच्यांनी हाती घेतले. ओवीसोबत बाईचे नाव, गाव, तालुका. बोली जशीच्या तशी. आम्ही नेमके तेच खोडले होते.

आमची माय पहाटे दळायची. तिची एकही ओवी आमच्याकडे नाही.

म्हणून यंदा मुलांना पुन्हा तेच काम देत आहोत. वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर आजीचा आवाज घ्यावा. नाव, गाव, तारीख आणि आजीचे माहेर अवश्य लिहावे. आपल्याकडे काटोल, वरूड, मुलताई अशा कितीतरी गावांहून लेकी सुना होऊन आल्या, ओव्याही त्यांच्याबरोबरच आल्या. इंटरनेटवर ठेवायचे की नाही, हे आजीला विचारूनच ठरवावे. शाळेत एक प्रत राहीलच. विश्वस्त मंडळींना विनंती की, त्यासाठी एका कपाटाची व संगणकाची सोय व्हावी.

सुरुवात आम्हीच केली. ज्यांचे पान आम्ही सर्वांत जास्त खोडले होते, त्या आजींकडे गेलो. त्या सावरगावला राहतात. नातवाने ते पान त्यांना तेव्हाच दाखविले होते म्हणे.

"मास्तर, लाल पेन घरीच ठेवून आले ना?" त्यांनी हसत विचारले.

दोन ओव्या झाल्या, तिसरी अडली. "हात रिकामा हाय, कशी आठवीन?" म्हणाल्या. मग आम्ही आणि नातवाने अंगणातल्या पेरूखालचे जाते ओढून आणले, धुतले, पुसले. मूठभर ज्वारी घातली. चार फेरे झाले नाहीत तोच ओवी आली, आणि तिच्या मागून आणखी सात.