काळापहाड मला आता नकोसा वाटतो

रहस्यकथांबद्दल माझी दोन पक्की मतं होती आणि ती मी वर्गात, सभेत, घरात ठणकावून सांगत आले. नारायण धारपांच्या भुताखेतांच्या कथा मुलांच्या हाती पडू देऊ नयेत, त्यांतून अंधश्रद्धा पोसली जाते, हे पहिलं. दुसरं असं की बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मुलांना खुशाल वाचू द्यावेत. त्यांत अंगारा नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही. आहे ती अन्यायाची चीड, आणि ती पोरांना लागलेली बरी. आज ही दोन्ही मतं माझ्यापुरती उलटली आहेत. एका दिवसात उलटली नाहीत आणि एका कारणाने तर नाहीच.

आधी ती आली कुठून ते सांगायला हवं. आमचा गडहिंग्लज हा सीमेवरचा तालुका. हिरण्यकेशीच्या काठाने पूर्वेला गेलं की संकेश्वर, तिथून पुढे कन्नड मुलूख आणि त्या मुलखात सौंदत्तीची यल्लम्मा. आमच्या लहानपणी एखाद्या पोरीच्या केसांत गुंता होऊन जट धरली, की देवीचं बोलावणं आलं म्हणत. मग ती पोर देवीला सोडायची. पुढे तिचं काय होतं हे गावाला ठाऊक असायचं आणि कुणी बोलायचं नाही. १९७५ साली महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने देवदासी प्रथेविरुद्धची परिषद भरली ती आमच्या गडहिंग्लजला. प्रा. विठ्ठल बन्ने यांनी या भागात ते काम पुढे नेटाने केलं. महाराष्ट्राचा स्वतंत्र देवदासी निर्मूलन कायदा यायला मात्र २००५ उजाडलं.

आम्ही काही तरुण मुली त्या कामाच्या कडेकडेने वाढलो. आमच्या सोप्यात एका बाईची जट सोडवली तो दिवस मला लख्ख आठवतो. जट हातात घेतली तर ओल्या दोरखंडासारखी जड. खोबरेल चोळून कडेचे केस सुटतात का ते आधी पाहिलं, सुटेनात तेव्हा कात्री घेतली. मुळाशी कातडी लाल झालेली, उवांनी खाल्लेली. बाई थरथरत होती, पण डोकं हलवत नव्हती. उंबऱ्याबाहेर तिच्या घरची म्हातारी कात्रीच्या प्रत्येक आवाजाला ‘उदं गं आई उदं’ म्हणत होती. जट परातीत पडली. काहीच झालं नाही. ना कुणाच्या अंगात आलं, ना कुणी रक्त ओकलं.

असं पाहिलेल्या मुलीला धारपांचा ‘समर्थ’ कसा आवडावा? एखाद्या घरात काहीतरी अमानवी शिरतं, शहाणीसुरती माणसं हात टेकतात, आणि मग कुणीतरी समर्थांना गाठतं. समर्थ येतात, ते काय आहे ते ओळखतात आणि त्याला परतवून लावतात. मला वाटायचं, हा तर आमच्याच वाडीवरचा भगत. फक्त पुण्याची भाषा बोलतो, एवढाच फरक. शाळेत मुलांच्या दप्तरात ही पुस्तकं सापडली की मी काढून घेत असे. पालकसभेत त्याचं समर्थनही करत असे.

हे मत पहिल्यांदा हललं ते त्याच जट सोडवलेल्या बाईमुळे. नंतर ती आमच्याकडे येऊन-जाऊन असायची. एका पावसाळ्यात लाईट गेलेली, सगळी पोरं स्वयंपाकघरात गोळा झालेली आणि माझा भाचा बॅटरीच्या उजेडात धारपांची कथा मोठ्याने वाचत होता. ही चुलीपाशी बसून कान देऊन ऐकत होती. मी भाच्याला गप्प केलं. तर तीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की बाई. गोष्ट खोटी हाय म्हणून पयल्यांदाच सांगिटलंय त्येनं. मला जे सांगिटलं हुतं, ते खरं म्हणून सांगिटलं हुतं.”

त्या रात्री मी काही बोलले नाही आणि मतही लगेच बदललं नाही. पण तिचं म्हणणं मनातून जाईना. बारा वर्षांच्या पोरीला देवीला सोडताना कुणी तिला कथा म्हणून ऐकवली नव्हती. ऐक, घाबर आणि पुस्तक मिटून झोपी जा, अशी सोय तिला नव्हती.

निवृत्तीनंतर मी धारप नीट वाचायला घेतले. आधी चाळले होते ते दोष काढायला. धारप १९२५चे, २००८मध्ये गेले, आणि लिहिलं उदंड. ‘लुचाई’च्या मागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे, ‘शपथ’च्या मागे ‘इट’. हे आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. परकी भीती त्यांनी आपल्या वाड्यात, आपल्या माजघरात आणून बसवली, हे काम सोपं नव्हे. समर्थांच्या कथा वाचताना मात्र एक गोष्ट लक्षात आली, जी मला तरुणपणी दिसायला हवी होती. भगत घरात येतो तेव्हा तो नाव घेतो. करणी केली ती शेजारणीने, चुलत जावेने, त्या पलीकडच्या विधवेने. त्याचा सगळा धंदा त्या नावावर चालतो. नाव घेतलं की दोन घरं तुटतात आणि कधी कधी एका बाईला मारहाण होते. मी वाचलेल्या कथांत समर्थ असं कुठल्या गरीब बाईकडे बोट दाखवत नाहीत. दक्षिणेचा हिशोब नाही, कोंबडं नाही, अमावास्येचं बोलावणं नाही. त्यांच्यापुढचं संकट माणसाच्या जगातलंच नसतं, त्यामुळे त्यापायी कुठल्या माणसाचा बळी जात नाही. ती कथा वाचून कुणी शेजारणीच्या दारावर दगड मारायला गेला, असं माझ्या ऐकिवात नाही. भगताचं ऐकून गेलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मागे धारपांच्या कथेचं ऋण आहे. २०१८मध्ये आलेला तो सिनेमा २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा मी भाचेसुनेबरोबर पाहिला. पडद्यावर राक्षस आहे, पण अंगावर काटा येतो तो बापाकडून मुलाकडे उतरलेल्या हावेचा. त्याआधी मी भयकथेला इतकं काही सांगता येत असेल असं मानत नव्हते. आता मानते.

हे झालं पहिल्या मताचं. दुसरं बदलणं मला जास्त जड गेलं, कारण काळापहाड माझा लाडका होता.

अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. महाराष्ट्रातल्या किती घरांत वाचनाची चटक त्यांच्यामुळे लागली, याला गणती नाही. माझे वडील फारसे शिकलेले नव्हते, पण सुटीच्या दिवशी झुंजार वाचताना त्यांना हाक मारायची कुणाची टाप नव्हती. पुढे गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. धाटणी वेगळी, पण ओढ तीच: पोलिसांना जमत नाही, कोर्टाला वेळ नाही, तेव्हा एक माणूस येतो आणि हिशोब चुकता करतो.

ही ओढ काही मराठीपुरती नाही. पुण्याहून भाच्याने मला एफ. पॉल विल्सन या अमेरिकी लेखकाची ‘द टूम्ब’ आणून दिली, १९८४ची. हे विल्सन पेशाने डॉक्टर. त्यांचा जॅक न्यूयॉर्कमध्ये राहतो. सरकारदरबारी त्याची कुठेच नोंद नाही, पैसे रोख घेतो आणि ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांची कामं निस्तरून देतो. लोक त्याला रिपेअरमन म्हणतात. म्हणजे समर्थ आणि काळापहाड एकाच माणसात. १८५७च्या धामधुमीत एका इंग्रज अधिकाऱ्याने देवळातली दौलत लुटली, त्याचा सूड त्याच्या वंशजांवर उगवायला बंगालकडचे राक्षस न्यूयॉर्कला पोचतात, अशी ती गोष्ट. काली आणि तिचा पुजारी तिथे ज्या रंगात येतात तो मला खटकला; आपला देव परक्याच्या पुस्तकात नेहमी रक्तच का मागतो, असं वाटलं. पण पुस्तक खाली ठेववेना. आणि मजा अशी की राक्षसांचा मला त्रास झाला नाही. त्रास झाला जॅकचा.

कारण तोवर मी एक जॅक जवळून पाहिला होता.

आमच्या नात्यात बांधावरून तंटा होता. शेजाऱ्याने दरवर्षी नांगरटीला बांध थोडा थोडा कोरलेला. दावा लावला, तारखा पडत गेल्या. मग कुणीतरी सुचवलं, अमुक एक जण मध्ये पडून मिटवून देतो. तो आला. पांढरा स्वच्छ शर्ट, बोलणं मऊ. चहा घेतला, कागद पाहायला मागितले नाहीत. फक्त विचारलं, “समोरच्याला पोरं किती?” आमच्या घरातल्या पुरुषांना तो प्रश्न कर्तबगारीचा वाटला. मला त्या क्षणी पोटात गोळा आला. पैसे दिले गेले, पुढच्या हंगामात बांध सरळ झाला, आणि घरात त्याचं नाव आदराने निघू लागलं. काही काळाने तोच माणूस, तसाच चहा पीत, समोरच्यांच्या ओट्यावर बसलेला दिसला. त्यांनी जास्त दिले होते.

पुस्तकातला काळापहाड विकत मिळत नाही, असं यावर कुणी म्हणेल. खरं आहे. पण जो विकला जात नाही, त्याच्याबद्दल तर मला अधिक भीती वाटते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात सकाळी फिरून घरी परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी कॉम्रेड गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात नरेंद्र दाभोलकर, आणि पानसऱ्यांनंतर २०१५च्याच ऑगस्टअखेर धारवाडला कलबुर्गी. पानसऱ्यांना आमच्या भागातल्या कष्टकऱ्यांनी सभांतून ऐकलेलं. त्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ आमच्या घरात पारायण झाल्यासारखं वाचलं गेलेलं. ती बातमी आली तेव्हा मला जे कळलं ते असं: कायदा बाजूला सारून न्याय करायला निघालेला माणूस स्वतःला नेहमी काळापहाडच समजतो. आपण खुनी आहोत असं मनाशी म्हणत कुणी त्या कामाला निघत नाही. अंधश्रद्धेविरुद्धचा जो कायदा दाभोलकरांनी वर्षानुवर्षं मागितला, तो त्यांच्या खुनानंतर आधी अध्यादेश म्हणून आणि त्याच वर्षाच्या शेवटी कायदा म्हणून आला. त्यांनी तो मागत राहण्याचा रस्ता धरला होता. मला आता नायक म्हणून तो रस्ता हवा.

इथे आमच्याच डोंगरावरचा सामानगड आडवा येतो, हे मी जाणते. १८४४ साली गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे बंद करून बंड पुकारलं. पिढीजात हक्क गेले, दाद लागेना, तेव्हा ते उठले. ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने गड घेतला. मग तेही चूक होते का? मला तसं म्हणवत नाही. गडकरी उघड्यावर आले, एकमेकांच्या साक्षीने आले, आपलं म्हणणं काय आहे ते साऱ्या मुलखाला कळू दिलं आणि त्याची किंमत मोजली. काळापहाडासारखं मुखवटा चढवून रात्री तिजोरी फोडणाऱ्याला मात्र कुणी जाब विचारू शकत नाही. मला तो जाब हवा आहे.

चळवळीतले माझे एक जुने सहकारी माझ्या या दोन्ही बदलांवर नाराज आहेत. समर्थ कितीही सज्जन असले तरी अमानवी शक्ती असते हे वाचकाच्या मनात पक्कं बसतं, आणि समर्थांच्या रिकाम्या झालेल्या जागेत उद्या भगतच येऊन बसतो, असं ते म्हणतात. या आक्षेपात जोर आहे. माझ्याकडे त्याला पुरं उत्तर नाही. जट सोडवलेल्या त्या बाईचं उत्तर आहे, तेवढं मी देते. काळापहाडाबद्दल ते विचारतात, गरिबाला कोर्ट परवडत नाही तर त्याने जायचं कुठे? उच्च न्यायालयात दाद मागायची तर गडहिंग्लजच्या माणसाला कालपरवापर्यंत मुंबई गाठावी लागे. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला, तोही वकिलांच्या आणि लोकांच्या कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर. कोर्ट लांब होतं म्हणूनच त्या पांढऱ्या शर्टवाल्याला आमच्या घरात चहा मिळाला, हे मला मान्य आहे. पण मग कोर्ट जवळ आणायचं, की त्याला आणखी एक कप द्यायचा? यावर आम्ही दोघं अजून भांडतो.

पुस्तकं काढून घेणं मी कधीच सोडलं. नगरपालिकेच्या वाचनालयात मुलं येतात, मीही बसते. धारप मागितले तर मी स्वतः शोधून देते. काळापहाडही देते, लपवत नाही. परत करायला आलं की मात्र एक प्रश्न विचारते: त्याने चुकीच्या माणसाला धरलं असतं तर? परवा सातवीतल्या एका मुलाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “बाई, तो चुकतच न्हाई.” मी त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. आमचं बोलणं अजून संपलेलं नाही.