पहिले ते, वर गेलो आम्ही

सांगली

चि. ओंकार,



तुझा निरोप मिळाला. माझी आत्या एक्झिटरला राहायची असं तू ऑफिसात सहज बोललास, तर शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर गृहस्थांनी मान हलवून नुसतं ‘2010’ म्हटलं आणि पुन्हा कामाला लागले. तेव्हा काय घडलं होतं, कुणाचा खून-बिन झाला होता का, असं तू विचारतोस. खून नव्हता रे, रग्बी होती. पण ब्रिस्टलच्या माणसाला यातला फरक पटेलच असं नाही.

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नाही. दादाला क्रिकेटपलीकडे खेळ माहीत नाही, आणि तुझे काका गेल्यापासून एक्झिटरबद्दल बोलायला घरात कुणी उरलेलं नाही. तेव्हा थोडं तुझ्यासाठी आणि बरंचसं माझ्यासाठी लिहिते. चहा घेऊन बस.

आधी हे सांगते की त्या गृहस्थांचं दुःख खरं आहे. 2009-10 च्या हंगामात त्यांचं ब्रिस्टल गुणतक्त्यात पहिलं होतं आणि आमचं एक्झिटर दुसरं. तरीही प्रीमियरशिपमध्ये गेलो आम्ही. इंग्लंडच्या रग्बीत सगळ्यात वर प्रीमियरशिप आणि तिच्याखाली दुसरी पायरी. दरवर्षी वरचा शेवटचा संघ खाली यायचा, खालचा पहिला वर जायचा. साधा हिशेब होता. 2007-08 मध्ये नॉर्दॅम्प्टन असं खाली आलं होतं; तीसपैकी तीस सामने जिंकून ते परत वर गेलं. दुसरं कोण होतं? एक्झिटर. पुढच्या वर्षी लीड्स पहिलं. दुसरं कोण? पुन्हा एक्झिटर. आमच्या गल्लीत तेव्हा ‘यंदा कितवे?’ असं कुणी विचारतच नसे.

मग 2009 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेने खालच्या पायरीची सगळी घडीच बदलली. सोळा संघांचे बारा केले, सगळे पूर्णवेळ व्यावसायिक, आणि नाव ठेवलं चॅम्पियनशिप. हंगाम शेवटपर्यंत रंगावा म्हणून प्लेऑफही आणले. बावीस सामने खेळायचे, मग वरच्या आठांचे दोन गट, त्यांच्यात पुन्हा सामने, मग उपांत्य फेरी आणि मग अंतिम लढत. तीही दोन्ही मैदानांवर एकेक, दोन्हींची बेरीज करून. म्हणजे सप्टेंबरपासून घाम गाळून पहिलं येणाऱ्याच्या हाती काय, तर मे महिन्यात पुन्हा परीक्षा. नियमाचं हे पहिलंच वर्ष, आणि त्याच वर्षी ब्रिस्टल प्रीमियरशिपमधून खाली आलेलं. जुन्या नियमाने ते एका वर्षात परत गेले असते. मला विचारशील तर नियम अन्यायाचाच होता. तो आमच्या बाजूने लागला म्हणून न्यायाचा होत नाही. पण म्हणून मला आनंद कमी झाला, असंही काही म्हणणार नाही.

एक्झिटर कसलं गाव आहे ते तुला कळायला हवं. तू ब्रिस्टलमध्ये राहतोस, ते मोठं शहर. एक्झिटर म्हणजे कॅथेड्रल, नदी, विद्यापीठ, आणि बाहेर पडलं की गाईमेंढ्यांची कुरणं. पण रग्बी तिथली जुनी आहे, क्लब 1871 चा. आम्ही गेलो तेव्हा मैदान सेंट थॉमस भागात होतं, काउंटी ग्राउंड. तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या आणि मोटरसायकलींच्याही शर्यती व्हायच्या. न्यूझीलंडच्या संघाने 1905 च्या त्या गाजलेल्या दौऱ्यातला पहिला सामना याच मैदानावर डेव्हन काउंटीशी खेळला आणि 55-4 असा जिंकला. लंडनच्या काही वर्तमानपत्रांना तार उलटी आली असं वाटलं आणि त्यांनी डेव्हन जिंकल्याचं छापलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. हरलेल्या सामन्याची गोष्ट शंभर वर्षं इतक्या प्रेमाने सांगणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. आपल्याकडे हरलं की आधी पंच बदलतात.

2006 मध्ये ते मैदान विकून क्लब शहराच्या कडेला, मोटरवेजवळ सँडी पार्कला गेला. टोनी रो नावाचे व्यावसायिक अध्यक्ष होते. प्रीमियरशिपच्या तोलाचं मैदान त्यांनी आधी बांधलं, प्रीमियरशिप नंतर आली. 2009-10 च्या हंगामात मुख्य प्रशिक्षक म्हणून रॉब बॅक्स्टर नवीनच आले होते. डेव्हनच्याच शेतकरी घरातले, वर्षानुवर्षं याच क्लबचे कर्णधार राहिलेले. त्यांचा भाऊ रिची तेव्हा संघात खेळत होता.

क्लबचं टोपणनाव चीफ्स, आणि चिन्ह म्हणजे पिसांचा मुकुट घातलेला अमेरिकेतला आदिवासी सरदार. सामन्याला लोक तसले मुकुट घालून यायचे, हात पुढेमागे करत युद्धगीत म्हणायचे. अख्ख्या स्टँडमध्ये मीच काय ती इंडियन, आणि पिसं मात्र यांच्या डोक्यावर! 2022 मध्ये, बऱ्याच तक्रारींनंतर, क्लबने ते चिन्ह टाकलं आणि डेव्हनमध्ये रोमनांच्या आधीपासून राहणाऱ्या डुम्नोनी या केल्टिक टोळीचं घेतलं. मला ते पटलं. आपल्या अंगणात एवढं जुनं काही असताना दुसऱ्याची पिसं कशाला लावायची? हे तुलाही लागू आहे, पण त्याचं नंतर.

तर अंतिम लढत. वर्ष मला कायम 2009 च वाटतं, कारण हंगाम तेव्हा सुरू झाला. पण ती झाली मे 2010 मध्ये. पहिली सँडी पार्कवर, 19 तारखेला, बुधवारी. एक्झिटर 9, ब्रिस्टल 6. बस्स. एकही ट्राय नाही, सगळे गुण किकचे. तीन गुणांची शिदोरी घेऊन पुढच्या बुधवारी ब्रिस्टलच्या मेमोरियल स्टेडियमवर जायचं. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं ते मैदान, आणि तेव्हाचं ब्रिस्टलचं घर. त्या आठवड्यात, मी नर्स होते त्या हॉस्पिटलमध्ये कुणी धड बोलत नव्हतं. बेकरीतल्या बाई पेस्टी बांधून देताना आकाशाकडे बघायच्या.

26 तारखेला माझी रात्रपाळी होती, ऑर्थोपेडिक वॉर्डात. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे शेतकरी होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. त्यांच्याकडे छोटा ट्रान्झिस्टर, एका कानात इअरफोन. दुसऱ्या कानाला आधीच ऐकू येत नसे, म्हणजे आता त्यांना काही सांगायची सोयच नाही. बाकीचे पेशंट झोपायला टेकलेले, म्हणून ओरडायला बंदी. मी औषधांची ट्रॉली घेऊन आत शिरले तर यांचा हात वर, आणि तीन बोटं. पहिल्यांदा मला वाटलं तीन नंबरची गोळी राहिली म्हणतायत. थोड्या वेळाने पुन्हा तीन बोटं. मग लक्षात आलं, पेनल्टी! रग्बीत पेनल्टीचे तीन गुण, ड्रॉप गोलचेही तीन. ड्रॉप गोल म्हणजे चालू खेळात बॉल जमिनीवर टाकून, उसळता उसळता दोन खांबांमधून मारायचा. मी रक्तदाब घ्यायला गेले तर उजवा हात पट्ट्यात, म्हणून डावा वर. तीन बोटं. आकडा इतका चढला होता की तो मी तक्त्यावर लिहिला नाही, सामना संपल्यावर पुन्हा घेतला. अशी आठ वेळा तीन बोटं वर झाली. गॅरेथ स्टीन्सनने त्या रात्री एकट्याने, नुसत्या पायाने, 24 गुण घेतले. एकदाच अख्खा पंजा उघडला, तो सायमन अल्कॉटच्या ट्रायचे पाच. शेवटी त्यांनी इअरफोन काढला, नीट गुंडाळला, आणि मला म्हणाले, ‘सिस्टर, आता झोपेची गोळी द्या.’ डोळे भरून आले होते म्हाताऱ्याचे. 29-10. दोन्ही मिळून 38-16.

सामना मी पाहिलेला नाही, ओंकार. पुढे त्याची चित्रफीत पाहिली, पण मला आजही तो सामना त्या बोटांवरच आठवतो.

आणि हा स्टीन्सन मूळ डेव्हनचा नव्हेच. उत्तर आयर्लंडचा मुलगा, इंग्लंडात दोन क्लब फिरून 2008 मध्ये एक्झिटरला आला आणि 2020 ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. वर गेलेलं एक्झिटर वर्षभरात परत खाली येईल असं सगळे म्हणत होते. आलं नाही. 2017 मध्ये ट्विकनहॅमला प्रीमियरशिपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत वॉस्प्सविरुद्ध 23-20 अशी विजयी किक मारली, ती यानेच. 2020 मध्ये तर एका आठवड्यात युरोपचा चॅम्पियन्स कप आणि प्रीमियरशिप दोन्ही. चॅम्पियन्स कपचा अंतिम सामना कुठे झाला माहीत आहे? तुझ्या ब्रिस्टलमध्ये, ॲश्टन गेटवर. कोविडमुळे स्टँड रिकामे होते, हीच काय ती त्या गृहस्थांवर देवाची कृपा.

कारण त्यांचे हाल 2010 ला संपले नाहीत. 2011-12 मध्ये ब्रिस्टल पुन्हा तक्त्यात पहिलं, आणि उपांत्य फेरीत कॉर्निश पायरेट्सकडून हरलं. वर गेलं लंडन वेल्श, तेही मैदानाच्या नियमावरून आधी नकार मिळून, अपील जिंकून. 2013-14 ला ब्रिस्टल पुन्हा पहिलं. अंतिम लढतीत पुन्हा लंडन वेल्श आडवं आलं. 2014-15 ला पुन्हा पहिलं, आणि वुस्टरशी दोन लढतींची बेरीज 59-58. एका गुणाने! 2016 मध्ये डॉनकास्टरला हरवून ते एकदाचे वर पोचले. आणि 2017-18 पासून तो प्लेऑफचा नियमच काढून टाकला. नियम आला आणि गेला, मधल्या काळात एका शहराचं रक्त आटवून गेला. म्हणून सांगते, त्या गृहस्थांना डिवचू नकोस. आत्या एक्झिटरची असली तरी तू ब्रिस्टलचं मीठ खातोस.

आज मला जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. लंडनच्या ईलिंग ट्रेलफाइंडर्सने 2021-22 ला चॅम्पियनशिप जिंकली, तरी वर जाऊ दिलं नाही, कारण 10,001 प्रेक्षकांचं मैदान नव्हतं. जिंकून खुर्च्या मोजायच्या! एक्झिटर ज्या दारातून वर गेलं, ते दार असं अर्धं लावून ठेवलं होतं.

दादा म्हणतो, हा आपला खेळ नाही, आत्याला उगीच नाद. त्याला सांग, बॉम्बे जिमखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या रग्बी खेळतात, आणि राहुल बोस नट होण्याबरोबरच भारताकडून रग्बी खेळलाय. पण दादाचं एक खरं आहे. तू ज्या गृहस्थांबद्दल लिहिलंस, त्यांना आपल्या संघाचा 2010 चा पराभव तोंडपाठ आहे. तुला आपलं कुलदैवत कुठलं, ते तरी सांगता येईल का? वहिनी म्हणत होती, फोनवर तू आता ‘हो गं’ आणि ‘नाही गं’ एवढंच बोलतोस, निरोप रोमन लिपीत धाडतोस, आणि गणपतीला उकडीच्या मोदकांऐवजी केक कापलास. केकबद्दल मी काही बोलत नाही, मी तिथे ख्रिसमसला पुडिंग खाल्लंय. तिथे रुजू नकोस असंही म्हणणार नाही. मीही रुजलेच होते, आणि निवृत्तीनंतर निघताना एक्झिटर सेंट डेव्हिड्स स्टेशनवर रडले होते, हे तुझ्या काकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. पण आजी आता नव्वदीच्या घरात आहे. तिला रोमन वाचता येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तू तिला गोठलेला दिसतोस.

थंडीत कान झाकत जा. पोळ्या विकतच्या खाऊ नकोस, जमत नसेल तर भात लाव. टेंपल मीड्स स्टेशनवरून एक्झिटर तासाभरावर आहे. एखाद्या शनिवारी सँडी पार्कला जा आणि आमच्या बाजूच्या स्टँडात बस. ऑफिसात सांगू मात्र नकोस.

आणि आजीला पत्र लिही. देवनागरीत, हाताने. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी चालेल, ती वाचून घेईल.

तुझी,
आत्या