परसातली तार

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, सरकारनं माझा फोन बघितला तर बघू दे की. आहे काय त्यात? आईनं पाठवलेले सांडग्यांचे फोटो." मी हसलो, पण रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्या परसातली कपडे वाळत घालायची जाड तार आठवते? लहानपणी तिला लोंबकळून पडली होतीस. ती बाजारातली नव्हे. बेचाळीसच्या चळवळीत आजोबांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी ती सरकारी तारखात्याच्या खांबावरून कापली आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत उकिरड्यात पुरून ठेवली. पुढं ७ जून १९४३ ला पत्री सरकारच्या, म्हणजे इथल्या क्रांतिकारकांच्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेनं इथंच, शेणोलीजवळ, रेल्वेच्या पगाराची रक्कम लुटली. त्याचे पोवाडे झाले; तारा कापणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही. पण पत्री सरकारच्या माणसांना नेमकं ठाऊक होतं, की राज्य कचेरीत कमी आणि तारेत जास्त असतं.

त्या तारेचा कायदा १८८५ चा. त्याच्या पाचव्या कलमात सरकारनं दोन्ही सोयी करून ठेवल्या होत्या: निरोप अडवायचा, आणि वाटलं तर चोरून वाचायचाही. हे मला कळलं फार उशिरा, सप्टेंबर २०२३ मध्ये. दहा तारखेच्या रात्री पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल झाली, एक जीव गेला, आणि सातारा जिल्ह्याचं नेट बंद झालं. तुझ्या काकूच्या गोळ्या संपलेल्या. कराडात औषधाच्या दुकानात फोन पुढं केला तर नुसतं चक्र फिरतंय, आणि खिशात चाळीस रुपये. दुकानदार भला, वहीत मांडून घेतलं त्यानं. दुसऱ्या दिवशी कामाला भवानीनगरकडं निघालो, तर वाटेत खिशातला फोन थरथरायला लागला. सांगली जिल्हा लागला होता! १९४९ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा, आणि आता त्या हद्दीवर माझा फोन जिवंत होत होता.

त्या रात्री नेट बंद केलं ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. अफवेनं गावं पेटतात. पण बंद झालेलं नेट निदान कळतं तरी. दुकानात उभं राहिलं की कळतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये असे हुकूम जाहीर करायलाही सांगितलंय. फोन ऐकायचा किंवा माहिती मागवायचा हुकूम मात्र गुप्त. ज्याचं ऐकलं त्याला पत्ताच नाही. मग हुकूम बरोबर होता का, हे कोण तपासतं? राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. तिघेही सरकारचेच, न्यायाधीश एकही नाही. म्हणजे सुनेची तक्रार सासूनं ऐकायची! २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, पण अडवायची आणि ऐकायची सोय त्याच्या एकाच विसाव्या कलमात आहे.

म्हणून सांडग्यांचे फोटो बाजूला ठेव. तू ज्या कंपनीत आहेस तिथं लाखो लोकांची माहिती पडून आहे, आणि गृहखात्याचं पत्र आलं तर ते तुझ्यासारख्याच कुणाच्या टेबलावर येणार. मदत नाकारली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमात सात वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा आजोबांसारखी पक्कड घेऊन निघू नकोस. पण त्या कलमाखालचे २००९ चे नियम काढून वाच. असा हुकूम जास्तीत जास्त साठ दिवसांचा असतो, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांच्या पुढं जात नाही. त्यात कारण लेखी लागतं. तेव्हा पत्र आलं तर आधी सही कुणाची ते बघ, मग तारीख बघ, आणि एकसष्टाव्या दिवशी नवा हुकूम आल्याशिवाय काही देऊ नकोस.

तुझा,
काका