उघाडीच्या तोंडाशी

लोणावळ्यात राहणाऱ्यांनी खाडीतल्या मासेमारीवर लिहावे, हे जरा विचित्रच. आमच्या गावाला भरती नाही की ओहोटी नाही; आहे तो पाऊस. पण या पावसाची एक गंमत आहे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला जाते आणि भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्याच खोऱ्यात वलवण आणि शिरवट्याच्या तलावांत अडवलेले पाणी मात्र नळांतून घाट उतरते, सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरातली चाके फिरवते आणि पाताळगंगेत जाऊन पडते. खोपोलीचे वीजघर १९१५ सालचे. तेव्हापासून मावळचा पाऊस असा पश्चिमेला वळला आहे. खारपाड्याच्या बाजूला त्याला भरतीचे पाणी भेटते आणि पुढे तो धरमतरच्या खाडीत मिसळतो. कायाक गाडीच्या टपावर बांधून आम्ही सुट्टीच्या दिवशी घाट उतरतो ते आमच्याच पाण्यामागून, अशी आपली एक समजूत आम्ही करून घेतली आहे.

आम्ही म्हणजे एकाच विषयाचे प्राध्यापक असलेले नवरा-बायको. आमच्यापैकी एकीचे माहेर देहूच्या अलीकडचे, माळकरी. देहूच्या डोहातल्या माशांना हात लावायचा नाही, या संकेतात ती वाढली. दुसऱ्याचे आजोळ पेणचे. तिथे घरी जिताडा आला की शेजाऱ्यांना वासावरून कळते आणि कोणाचे काम अडले असेल तर साहेबाच्या घरी जिताडाच पोचवायचा असतो. या दोन घराण्यांचा समेट लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांनी झाला, तो 'धरायचा आणि सोडायचा' या सूत्रावर. मासा धरल्याचा आनंद एकाला, त्याला न मारल्याचे समाधान दुसरीला.

या खेळाचे आपले एक शास्त्र आहे, आणि आम्ही पडलो पुस्तकी माणसे. मद्रास इलाख्यातल्या थॉमस नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. तो आम्ही मिळवून वाचला. १९३९मध्ये स्थापन झालेली या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना दोऱ्याच्या ताकदीनुसार विक्रमांची नोंद करते, हेही कळले. दोरा जितका नाजूक, तितकी धरणाऱ्याची प्रतिष्ठा मोठी. आम्ही टोकाला वेताच्या छडीसारखी वाकणारी दांडी घेतली आणि सहा पौंडांचा तंगूस, म्हणजे पावणेतीन किलोंच्या ओढीला तुटणारा. हलकी दांडी, हलका दोरा, वीतभर पाण्यात तरंगणारी हलकी नाव. सगळ्या हलकेपणात एक सभ्यपणा आहे असे आम्हांला वाटे. माशाला सुटायची संधी द्यायची, बरोबरीने लढायचे, वगैरे.

खाडी मात्र शिकावी लागली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. ओहोटीत वेळेवर न निघाल्यास कायाक चिखलात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत आपणही तिच्यात बसतो. असे आमचे दोनदा झाले. खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखण्यासाठी घातलेल्या बांधांना उघाड्या असतात. पाणी ओसरू लागले की आतले पाणी उघाडीतून बाहेर पडते, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी येते, आणि तोंडाशी सावलीला जिताडा उभा असतो. हा मासा मोठा चमत्कारिक. बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो; गोड्या पाण्यातही रमतो, पण अंडी घालायला खाऱ्याकडे उतरतो.

वैशाखातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी अशाच एका उघाडीपाशी आमच्या गळाला तो लागला. सहा पौंडांच्या दोऱ्याला घाई चालत नाही. पंचवीस मिनिटे लागली. तीन किलोंचा तरी असेल. तिवरांच्या मुळांत घुसायचा, आम्ही सैल सोडायचो. थकायचा, आम्ही गुंडाळायचो. अखेर त्याला कायाकवर घेतले, गळ काढला, दोघांनी आळीपाळीने फोटो काढले आणि सोडला. शेपटी हलवत तो खाली गेला. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो.

थोड्या वेळाने तो बांधाच्या कडेला वर आला, पांढरे पोट वर करून. एक घार घिरट्या घालू लागली होती.

पाग घेऊन बांधावर उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी तो उचलला. त्यांनी सगळेच पाहिले होते.

"बाई, खायचा नव्हता तर एवढा दमवला कशाला?"

उत्तर आमच्यापाशी होते, ग्रंथातले. ते तिथे बोलवेना.

"काका, तुम्हीच न्या," आम्ही म्हटले.

"मी धरला नाही," असे म्हणून त्यांनी मासा आमच्या कायाकमध्ये ठेवला आणि पाग खांद्यावर घेऊन ते पुढे गेले.

नंतर वाचले तेव्हा समजले की, फार वेळ ओढाताण झालेल्या माशाच्या स्नायूंत आम्ल साचते. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. त्यात फोटोसाठी पाण्याबाहेर घालवलेली मिनिटे. सुटून गेलेला मासा पुढे मरू शकतो, फक्त तो धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मरतोच असे नाही. त्यापूर्वी आम्ही सोडलेल्यांतले किती गेले असतील याचा हिशेब आमच्यापैकी एकीने मनात मांडायला सुरुवात केली, आणि घाट चढून घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांत तिने माळ उतरवली नव्हती. आपण कोणाचा जीव घेत नाही, या एकाच आधारावर ती नावेत बसत आली होती.

त्या रात्री जिताडा शिजला. एकानेच खाल्ला. चव लागली, हे सांगायला हवे. न सांगणे खोटेपणाचे होईल.

आता आमच्याकडे वीस पौंडांचा दोरा आहे आणि गळाचे उलटे काटे आम्ही पकडीने दाबून सपाट केले आहेत. मासा पाच मिनिटांच्या आत हाताशी येतो. खाण्याजोगा असेल तर घरी येतो, एकच. लहान असेल तर पाण्यातच ठेवून, गळ सोडवून, प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत धरायचा. हे धरण्याचे काम तिचे. बाकी वेळ ती वल्हे मारते. दांडीला ती हात लावत नाही, आणि यावर आमच्यात पुन्हा चर्चा झालेली नाही. पाग घेतलेले ते गृहस्थ कधीमधी बांधावर दिसतात. आम्ही हात करतो, तेही करतात. परवा त्यांनी लांबूनच विचारले, "वर पाऊस लागला का?" लागला आहे, असे आम्ही सांगितले.